म्हशींच्या कृत्रिम रेतनात संप्रेरकांचा उपयोग

तापीकाठच्या बऱ्हाणपूर परिसरात केळी व कापसाच्या जोडीला म्हैसपालन हा अनेक कुटुंबांचा आधार आहे. येथील मावा जिलेबी प्रसिद्ध असून, घन पदार्थ अधिक असल्यामुळे म्हशीच्या दुधापासून मावाही अधिक मिळतो. मात्र गोठ्यातील म्हैस वेळेवर गाभण राहिली नाही, तर चाऱ्याचा खर्च चालू राहतो आणि दूध आटते. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. दर १४ महिन्यांनी वेत मिळावयाचे असेल, तर व्याल्यानंतर सुमारे ११५ दिवसांत ती गाभण राहिली पाहिजे. एक माज हुकला की आणखी २१ दिवस वाया जातात.

मुका माज

म्हशीत माजाची बाह्य लक्षणे सौम्य असतात. एप्रिल-मे महिन्यांत या भागात तापमान ४० अंशांवर जाते, तेव्हा तर ती दिसेनाशी होतात. वारंवार लघवी करणे, योनीला सूज येणे, काचेसारखा स्वच्छ सोट येणे व दूध कमी होणे, एवढ्यावरूनच माज ओळखावा लागतो. पहाटे व रात्री पाहणी करावी. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

संप्रेरके काय करतात?

काही म्हशी माजावर येतात, पण त्यांचे बीजांड उशिरा सुटते. तोपर्यंत रेतातील शुक्रजंतू निकामी होतात. अशा वारंवार उलटणाऱ्या म्हशीला पशुवैद्यक तपासणीनंतर रेतनाच्या वेळीच जीएनआरएच या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. त्यामुळे बीजांड सुटण्यास चालना मिळते. गर्भाशयाचा दाह असल्यास मात्र आधी त्यावर उपचार करावा लागतो.

मुक्या माजासाठी नियोजित वेळी रेतन करण्याची पद्धत आहे. अमेरिकेत गायींसाठी विकसित झालेली ही पद्धत १९९५ साली प्रसिद्ध झाली व पुढे म्हशींतही वापरात आली. तिचा क्रम असा :

(१) पहिला दिवस शून्य धरून जीएनआरएचचे इंजेक्शन.
(२) सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन. याने बीजांडकोषावरील पीतपिंड विरतो.
(३) नवव्या दिवशी पुन्हा जीएनआरएच. याने बीजांड ठरावीक वेळी सुटते.
(४) त्यानंतर १६ ते २० तासांनी कृत्रिम रेतन. माज दिसण्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्या म्हशीचे ऋतुचक्र चालू आहे, तिच्यात ही पद्धत अधिक उपयोगी पडते. चक्रच बंद असलेल्या म्हशीत यश कमी मिळते. तिला प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन काही दिवस योनीमार्गात ठेवण्याचा उपचार पशुवैद्यक सुचवू शकतात. कोणत्याही पद्धतीने सर्वच म्हशी गाभण राहतील, असे मानू नये.

दक्षता

प्रोस्टाग्लँडिनमुळे गाभण म्हशीचा गर्भपात होतो. म्हणून उपचारापूर्वी गर्भतपासणी अनिवार्य समजावी. हे औषध गर्भवती स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी हाताळू नये. पान्हा सोडण्यासाठी चोरून टोचले जाणारे ऑक्सिटोसिन आणि हे उपचार एक नव्हेत. तो गैरवापर जनावरास घातक असून कायद्यानेही गुन्हा ठरतो. औषध व मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

आधी आहार, मग औषध

अशक्त म्हशीवर संप्रेरकांचा खर्च बहुधा व्यर्थ जातो. केवळ केळीची पाने व वाळला चारा यांवर तिचे पोषण होत नाही. हिरवी वैरण, पेंड व दररोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. जंतनाशक वेळेवर पाजावे. उन्हाळ्यात सावली, भरपूर पाणी व दुपारी अंगावर पाण्याचा शिडकावा किंवा डुंबण्याची सोय असावी.

प्रत्येक म्हशीची व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख वहीत लिहावी. हिशेबाचा पाठ म्हणून शाळेतील मुलांकडून अशी वही ठेवून घेणे शिक्षकांना सहज शक्य आहे. व्याल्यावर ६० दिवसांनंतरही माज न दिसल्यास, किंवा तीन वेळा रेतन करूनही म्हैस उलटल्यास तपासणी करून घ्यावी. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करावी. संप्रेरके ही चांगल्या संगोपनाला जोड आहेत, त्याचा पर्याय नव्हेत, हे ध्यानी ठेवल्यास भाकड काळ निश्चितच कमी करता येईल.