नखांचा रंग आणि बंद खोलीतील हवा

तालुक्याच्या गावी ब्यूटी पार्लर निघणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. महिलांच्या स्वयंरोजगार प्रशिक्षणात शिवणकामाच्या बरोबरीने या व्यवसायाला स्थान मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि, मेंदीने नखे रंगविणाऱ्या आजीला जो प्रश्न कधी पडला नाही, तो तिच्या नातीपुढे उभा आहे. नेलपॉलिशच्या बाटलीतून येणारा उग्र वास कशाचा?

नेलपॉलिशमध्ये नखावर पापुद्रा धरणारे नायट्रोसेल्युलोज, राळ व रंगद्रव्ये असतात. त्यांना पातळ ठेवण्यासाठी इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट आणि काही उत्पादनांत टोल्युइन ही द्रावके वापरली जातात. रंग वाळतो, म्हणजे द्रावक हवेत जाते. सणासुदीला नखे रंगविणाऱ्या मुलीने धास्ती घ्यावी असे त्यात फारसे नाही. दिवसभर लहानशा खोलीत बसून इतरांची नखे रंगविणाऱ्या स्त्रीची गोष्ट मात्र वेगळी. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, घशाची जळजळ या तक्रारी ती थकव्याच्या खाती टाकते. टोल्युइनचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. गरोदरपणी ते मोठ्या प्रमाणात श्वासावाटे गेल्यास गर्भालाही अपाय संभवतो.

या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ॲसिटोनची सुमारे दुप्पट, टोल्युइनची तिपटीहून अधिक. ती टेबलाभोवती रेंगाळते. छतालगतचा पंखा तिला वर ओढताना काम करणारीच्या नाकासमोरूनच नेतो. म्हणून हवा बाहेर टाकणारा पंखा टेबलाच्या उंचीवर, तिच्या तोंडापासून दूर खेचेल असा बसवावा. कापडी मुखपट्टीने नखांची धूळ काही अंशी अडते, वाफ अडत नाही. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका प्रशिक्षण वर्गात खिडकी होती; वातानुकूलन यंत्राची थंड हवा वाया जाऊ नये म्हणून ती खिळे ठोकून बंद केलेली होती!

नखे कठीण करणाऱ्या काही द्रवांत फॉर्माल्डिहाइड असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. पॉलिशमधील राळेची ॲलर्जी तर फसवी असते. पुरळ बोटांवर न उठता पापण्यांवर वा मानेवर उठते, कारण ओली नखे नकळत तेथे लागतात. रुग्ण काजळाला दोष देत राहते.

दिव्याखाली घट्ट होणाऱ्या जेल पॉलिशमध्ये ॲक्रिलेट वर्गातील द्रव्ये असतात. न वाळलेले जेल कातडीला वारंवार लागल्यास ॲलर्जी जडते, ती बहुधा जन्मभराची. पुढे दात भरताना किंवा सांधा बदलताना वापरल्या जाणाऱ्या त्याच वर्गातील पदार्थांचीही अडचण होऊ शकते. पातळ रबरी हातमोज्यांतून ही द्रव्ये आत झिरपतात. नायट्राइलचे मोजे बरे, पण तेही वरचेवर बदलावे लागतात. जेल घट्ट करणारे टीपीओ हे द्रव्य युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध केले आहे.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये व वापराची मुदत हवी. आठवडे बाजारातील बिननावाच्या बाटलीवर यांपैकी काहीच नसते. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करता येते.

घरातच पार्लर चालविणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. ॲसिटोन झटकन पेट घेते. त्याची बाटली उघडण्यापूर्वी शेजारची शेगडी आणि देवापुढील निरांजन दोन्ही विझलेली असावीत.