हवा नाही, वजन नाही

आपण रात्रंदिवस श्वास घेतो, पण हवेची आठवण कोण ठेवतो? डोक्यावरच्या घागरीचे ओझे कळते. स्वतःच्या अंगाचे ओझे मात्र कळत नाही. पृथ्वी सोडून वर अंतराळात जाणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टींची किंमत मोजावी लागते. एक हवा आणि दुसरे वजन.

१९७१ सालची गोष्ट आहे. सोव्हिएत रशियाची तीन माणसे सोयूझ-११ या यानातून वर गेली. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव. नावे अवघड आहेत, सावकाश वाचा. वर पृथ्वीभोवती फिरणारे एक घर होते. त्याचे नाव सॅल्यूत. तेथे ते तिघे तीन आठवडे राहिले. तोवर इतके दिवस वर कोणी राहिले नव्हते.

३० जूनला त्यांचे यान मोठ्या छत्रीला लटकत कझाकस्तानच्या माळावर उतरले. बाहेरून सारे ठीक दिसत होते. माणसे धावत गेली. त्यांनी यानावर थाप मारली. आतून उत्तर आले नाही. दार उघडले, तर तिघे आपापल्या जागी निजल्यासारखे. डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली, तोंडाने श्वास देऊन पाहिला. पण प्राण केव्हाच गेले होते.

काय झालं असेल बरं? पहिली शंका अशी आली, की इतके दिवस वर राहणे माणसाच्या शरीराला सोसले नाही. शंकेला कारणही होते. आदल्या वर्षी दोघेजण १८ दिवस वर राहून आले होते. त्यांना आधाराशिवाय नीट चालता येत नव्हते.

पण तपास केला तेव्हा कारण वेगळेच निघाले. यानाला हवेसाठी एक लहानशी झडप होती. जमिनीजवळ आल्यावर ती उघडायची. ती उघडली १६८ किलोमीटर उंचीवर. तेथे बाहेर हवा जवळजवळ नसतेच. यानातली सगळी हवा भसकन निघून गेली. झडप हाताने बंद करायची सोय होती. पण तिला जितका वेळ लागे, तितका वेळ त्यांना मिळाला नाही. हवा गेली की माणूस दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध होतो.

नुसता श्वास कोंडतो असे नाही. सोड्याची बाटली उघडताना पाहिली आहे ना? झाकण निघाले, दाब गेला, की फसफसून बुडबुडे येतात. आपल्या अंगावरही हवेचा दाब असतो. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलो! तो एकदम गेला, की रक्तातही तसेच बुडबुडे होतात.

त्या तिघांच्या अंगात हवाबंद पोशाख नव्हता. यानात जागा कमी, म्हणून तो दिलाच नव्हता. काटकसर करावी, पण ती कुठे करावी यालाही विचार लागतो. त्यानंतर पोशाख सक्तीचा झाला. तिसऱ्याला जागा उरेना, म्हणून काही वर्षे दोघेच जात. पुढे यान सुधारले. १९८४ साली आपले राकेश शर्मा सोयूझमधून गेले, तेव्हा ते तिघे होते आणि तिघांच्याही अंगात पोशाख होता.

हवेचा बंदोबस्त असा झाला. वजनाचे काय?

झोपाळा उंच जाऊन खाली येतो, तेव्हा पोटात कसं होतं? क्षणभर अंग हलके वाटते. पृथ्वीभोवती फिरणारे यान सारखे पडतच असते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीला लागत नाही. म्हणून आतल्या माणसाला ते हलकेपण दिवसरात्र असते. माणूस तरंगतो. पाहायला गंमत वाटते, पण शरीर फसते.

कोणाचा हात मोडला आणि महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला, तर तो बारीक होतो. काम नाही, तर बळ नाही. वर पायांना आणि कमरेला कामच नसते. तेथली हाडे महिन्याला शंभरातला एक भाग झिजतात. झिजलेल्या हाडांचा चुना लघवीवाटे जातो आणि मुतखड्याची भीती वाढते. रक्त डोक्याकडे चढून तोंड सुजते. म्हणून तेथे रोज दोन तास व्यायाम करतात. खांद्याला आणि कमरेला पट्टे बांधून पळतात, नाही तर तरंगतील!

सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणारे घातक किरणही तेथे जास्त लागतात. त्यांनी कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर पुरता उपाय अजून सापडलेला नाही.

२०२५ साली आपले शुभांशु शुक्ला वर गेले आणि जुलैमध्ये सुखरूप परतले. परत आल्यावर त्यांना हातातला मोबाईल जड वाटला. एकदा ते पलंगावर बसून लॅपटॉपवर काम करीत होते. काम झाले, तसा त्यांनी तो बाजूला हवेत ठेवला, वर ठेवीत तसा. तो खाली पडला. जमिनीवर गालिचा होता, म्हणून फुटला नाही.