टक्के कायचे?

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. सत्त्याऐंशी पूर्णांक चार टक्के! त्याचे आबाजी दर्यापूरकडच्या गावाहून मुद्दाम आले होते. तळहातावर तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "टक्के कायचे?"

"कायचे म्हणजे? टक्के!" मुलगा गोंधळला. मग मोबाइलवर बघून म्हणाला, "पाचशेपैकी चारशे सदतीस."

आबाजींनी क्षणभर डोळे मिटले. "म्हंजे चौदा आने झाले की बाप्पा."

पोरगं हसलं. मी मात्र मनात पडताळा घेतला. सोळा आण्यांत चौदा म्हणजे साडेसत्त्याऐंशी. म्हातारा जेमतेम दशांश टक्क्याने हुकला होता. मुलाचे टक्के मोबाइलवर आयतेच आले होते.

आईबाबांनो, ते "कायचे?" माझ्या डोक्यातून जाईना. मी उभा जन्म गणित शिकवलं. 'एका वर्गात ५० मुले, पैकी ४० पास' असली उदाहरणं फळ्यावर किती लिहिली त्याला गणती नाही. कापसाची पावती मात्र एकदाही वर्गात नेली नाही, आणि समोर बसलेली निम्मी मुलं शेतकऱ्यांची होती!

आबाजींच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकलेली. म्हणजे २५, ५०, ७५ आणि १२५ टक्केच की! ३६० चे २५ टक्के विचारले, की आपली मुलं पंचवीसने गुणून शंभराने भागत बसतात. पाव हिस्सा म्हटलं असतं तर नव्वद तोंडावर आलं असतं. दहा टक्क्यांसाठी एक शून्य उडवा, पाचसाठी त्याचं निम्मं करा. जीएसटीचे अठरा हवेत तर वीस काढून दोन वजा करा: साडेतीन हजारांच्या मिक्सरवर सातशे वजा सत्तर, सहाशे तीस. एवढं भाजी निवडता निवडताही जमतं.

पण खरी गोम हिशेबात नाही, आबाजींच्या प्रश्नात आहे. घरी शेती असेल तर हंगामात मुलाला एकदा कापूस खरेदी केंद्रावर न्या. गाडीतल्या कापसात ओलाव्याचं यंत्र खुपसतात, आकडा येतो, आणि त्या आकड्याकडे बाप कसा श्वास रोखून बघतो ते त्याला बघू द्या. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. बाराच्या वर गेला तर माल परत. मधल्या कापसाला आठच्या वर जितके टक्के ओलावा, तितके टक्के भाव कमी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा निघाला अकरा. हे उदाहरण आता मी मुलांना घालते तेव्हा निम्मी मुलं भावातून अकरा टक्के कापून मोकळी होतात. अरे, अकरा टक्के कायचे? वजनाचे! शंभर किलो कापसात अकरा किलो पाणी. भावातून जायचे ते वरचे तीन. एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे, त्याची तिप्पट २४३ रुपये ३० पैसे. बारा क्विंटलला २,९१९ रुपये ६० पैसे. घरून निघण्याआधी कापसाला दोन उन्हं दाखवायची की नाही, हे या आकड्यावर ठरतं.

आपल्याकडे आणा चलनातून गेला तरी आणेवारी काही जिभेवरून गेली नाही. सरकारी कागदावर ती पैसेवारी. गावाची पैसेवारी ४७ म्हणजे तिथल्या ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाच्या ४७ टक्केच पीक हाती आलं. पन्नासच्या खाली गाव गेलं आणि दुष्काळ जाहीर झाला, की मुलांची परीक्षा फी माफ होते, शेतीपंपाच्या चालू बिलात साडेतेहतीस टक्के सूट मिळते. साधारण तिसरा हिस्सा धरा: २,४०० च्या बिलात आठशे. आपली फी का माफ झाली, हे मुलाला ठाऊक असायला हवं. पेपरात अंतिम पैसेवारी छापून येते, तेव्हा तालुक्याचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

सगळ्यात घातकी टक्का व्याजाचा. पुस्तकात 'द.सा.द.शे.' असतं. दर साल, दर शेकडा. गावात सावकार म्हणतो, "शेकडा तीन." ऐकायला बँकेच्या बारापेक्षा केवढा स्वस्त! पण हा तीनचा आकडा महिन्याचा असतो. वीस हजारांवर महिन्याला सहाशे, सालाचे ७,२००. म्हणजे छत्तीस टक्के झाले. 'सालाचे की महिन्याचे?' एवढं विचारायचं राहिलं म्हणून शेतं गहाण पडलेली मी पाहिली आहेत. घरात कर्जाची बोलणी निघाली, की आपण पोरांना बाहेर खेळायला पिटाळतो. मीही पिटाळत असे. आता वाटतं, त्यांना बसू द्यावं.

आणि मूल चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. मला ते अजून जमत नाही. जीभ चावावी लागते.

दिवाळीच्या आधी त्या पेढेवाल्या मुलाच्या आईसोबत, म्हणजे माझ्या शेजारणीसोबत, कपड्यांच्या सेलमध्ये गेले होते. मुलगाही होता. पाटी होती: '५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के'. शेजारणीने दीड हजारांचा ड्रेस निवडला, सत्तर टक्के गेले असं धरून साडेचारशे रुपये मोजून मुठीत धरले आणि रांगेत उभी राहिली. मी जीभ चावली.

पोरगं पाटीकडे बघत होतं. "माय, हे वरचे वीस कायचे?"

"म्हणजे?"

"दीड हजाराचे नाहीत ना. उरलेल्या साडेसातशेचे. दीडशेच जातात त्यातून."

माय रांगेतून जराशी बाजूला झाली आणि आणखी दीडशे रुपयांसाठी पर्स चाचपू लागली.