सरळ वाटेच्या लहरी

२८ नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अंतराळयान सहा प्रवाशांना घेऊन आकाशात झेपावले. त्या सहा जणांत ओवेन गॅरियट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. शाळकरी वयातच वडिलांच्या सोबतीने त्यांनी बिनतारी विद्येचे पहिले धडे गिरवले होते आणि तो छंद पुढेही त्यांनी सोडला नव्हता. यानातील सामानात त्यांचा एक छोटा रेडिओसंच होता. एका हातात सहज धरता यावा एवढाच. त्याची शक्ती सुमारे पाच वॅट, म्हणजे देवघरात रात्रभर तेवणाऱ्या लहानशा विजेच्या दिव्याइतकी. नेमून दिलेली कामे आटोपली, की गॅरियट तो संच खिडकीपाशी बसविलेल्या एरियलला जोडीत आणि ‘डब्ल्यू फाइव्ह एल एफ एल’ हे आपले संकेतनाव उच्चारून खालच्या पृथ्वीला साद घालीत.

अंतराळातून एखाद्या हौशी रेडिओचालकाने घातलेली ती पहिलीच साद होती. यान जमिनीपासून सुमारे २५० किलोमीटर उंचीवरून धावत होते. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या एका हौशी रेडिओचालकाने त्या हाकेला प्रथम ओ दिली. मग ठिकठिकाणांहून उत्तरे येऊ लागली. त्यांत जॉर्डनचे राजे हुसेन यांचाही आवाज होता. राजेसाहेबांनाही हाच छंद होता. आणि या छंदात राजा काय, शाळकरी मुलगा काय, दोघांनाही ओळखावयाचे ते संकेतनावानेच.

याच्या उलट एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. डोंगराच्या कुशीत वसलेल्या गावात एक मुलगा हातात स्कॅनर घेऊन बसला आहे. स्कॅनर हा केवळ ऐकण्याचा संच. त्याला बोलता येत नाही. पण ठरवून दिलेल्या अनेक वाटांवर तो एकामागून एक कानोसा घेतो आणि जेथे आवाज सापडेल तेथे थांबतो. डोंगरापलीकडे, दहा किलोमीटरांवर, कोणी पाच वॅटच्याच संचावरून बोलत आहे. मुलाच्या संचातून मात्र एक शब्दही उमटत नाही. अडीचशे किलोमीटर वरचा आवाज भूमीवर पोहोचतो आणि दहा किलोमीटरांवरचा का पोहोचत नाही?

दोन्ही ठिकाणी लहरी एकाच जातीच्या आहेत. ज्या रेडिओलहरी दर सेकंदाला तीन कोटींपासून तीस कोटींपर्यंत कंपने करतात, त्यांना अति उच्च कंपनसंख्येच्या लहरी, व्यवहारात व्हीएचएफ, असे म्हणतात. यांची लांबी दहा मीटरांपासून एक मीटरपर्यंत असते. याहून कमी कंपनसंख्येच्या लघुलहरींचा स्वभाव निराळा. त्या आकाशात उंच जातात, तेथील आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरावरून पुन्हा खाली वळतात आणि अशा उड्या घेत समुद्रापार जातात. एके काळी महाराष्ट्रातील घरोघरी सिलोन रेडिओची गाणी ऐकू येत, ती याच वाटेने. व्हीएचएफ लहरींना मात्र आयनांबर सहसा अडवीत नाही. त्याला भेदून त्या सरळ अवकाशात निघून जातात, आणि अवकाशातून निघालेल्या तशाच सरळ खाली येतात. जमिनीवर चालतानाही त्यांचा बाणा तोच. त्या प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला, की त्याच्या पाठीमागे त्यांची सावली पडते. गॅरियट यांच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये मोकळ्या आकाशावाचून काही नव्हते. त्या मुलाच्या मध्ये अख्खा डोंगर होता.

सह्याद्रीने ही गोष्ट महाराष्ट्राला चांगलीच शिकविली आहे. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. त्याच्या लहरी व्हीएचएफ जातीच्याच होत्या. मुंबई आणि पुणे ही शहरे काही फार दूर नाहीत. परंतु दोहोंच्या मध्ये घाट उभा. म्हणून १९७३ साली पुण्याजवळच्या सिंहगडावर मनोरा उभारून तेथून कार्यक्रम पुन्हा प्रसारित करण्याची सोय करावी लागली. गडावरून पुण्याचा सगळा मुलूख नजरेत येतो. जेथून गड दिसे तेथे चित्रही येई. त्या काळी घराच्या छपरावर चढून एरियल फिरविणारा एक जण आणि खालून ‘आले, आले! गेले!’ असे ओरडणारा दुसरा, हे दृश्य पुण्यात नित्याचे होते. पुढे उपग्रह आणि केबल आले आणि छपरावरचे ते एरियल उतरले. एरियल फिरविणाऱ्या त्या माणसाला मात्र बिनतारी विद्येतील एक मोठे सत्य हाताच्या अनुभवाने कळलेले असे: संच कितीही उत्तम असो, आवाज मिळतो तो एरियलमुळे आणि जागेमुळे.

जागेचा विचार करताना उंचीला पहिला मान द्यावा लागतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट समुद्रावरही लहरींची वाट क्षितिजापाशी संपते. हवेमुळे त्या किंचित खाली वाकतात; म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा त्यांचे क्षितिज थोडे दूर असते, एवढेच. त्याचा हिशेब सोपा आहे. एरियलची उंची मीटरांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरांत मिळते. चार मीटर उंचीला सुमारे आठ किलोमीटर, नऊ मीटरांना बारा, शंभर मीटरांना एकेचाळीस. अंतर दुप्पट हवे असेल तर उंची चौपट करावी लागते, हेही यातून उघड होते.

कोकणच्या समुद्रावर मासेमारीस जाणाऱ्या तांडेलाच्या दृष्टीने हा हिशेब केवळ वहीतला नसतो. समुद्रावरील संकटाची हाक व्हीएचएफच्या सोळाव्या मार्गावर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, देतात, आणि ती ऐकण्यासाठी तटरक्षक दल व जवळपासची जहाजे कान देऊन असतात. होडीत बसून हातातल्या संचावरून बोलणाऱ्याचे एरियल पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच असते. त्याचे क्षितिज सहा किलोमीटरांपुढे जात नाही. दुसऱ्या तशाच होडीचे क्षितिजही तेवढेच. दोहोंची बेरीज बारा. त्याहून दूर असलेल्या होड्यांना एकमेकींचा आवाज पोहोचण्याची आशा धरू नये. परंतु ऐकणाऱ्या ठाण्याचे एरियल किनाऱ्यावरील शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर असेल, तर सहा अधिक एकेचाळीस, म्हणजे सत्तेचाळीस किलोमीटरांवरूनही ती हाक ऐकू जाणे शक्य होते. इंजिन बंद पडलेल्या होडीत तांडेल उभा राहतो आणि संच डोक्याएवढ्या उंचीवर धरून बोलतो, तो याचसाठी. एरियल डोलकाठीच्या शेंड्यावर नेऊन बसविले असेल, तर फारच उत्तम.

जमिनीवर स्कॅनर घेऊन बसणाऱ्याला प्राणसंकट नसते. पण नियम तेच लागू पडतात. घराच्या आतल्या खोलीत, सिमेंटच्या भिंतींतील लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यात किंवा पत्र्याच्या छपराखाली, ऐकण्याचा प्रयत्न करणे म्हणजे आंब्याच्या झाडाखाली उभे राहून चांदणे शोधणे. खिडकीशी यावे, जमल्यास गच्ची गाठावी. एकाच जागी अडून बसू नये, हेही महत्त्वाचे. भिंती आणि इमारती यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात; कोठे त्या एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना मारतात. त्यामुळे कित्येकदा एकाच खोलीत एका पावलावर आवाज मुका असतो आणि पुढच्या पावलावर तो स्पष्ट होतो. संच हातात असण्याचा हा मोठाच लाभ. भिंतीवर टांगलेल्या संचाला असे चालता येत नाही.

एरियलची लांबी लहरीच्या लांबीशी जुळावी लागते. सेकंदाला १४ कोटी ५८ लाख कंपने करणारी लहर सुमारे २ मीटर ६ सेंटिमीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाएवढी तार, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, तिला उत्तम प्रतिसाद देते. प्रत्यक्षात तार किंचित आखूड, ४९ सेंटिमीटरांची, ठेवावी लागते. स्कॅनरबरोबर येणारे रबराने मढविलेले एरियल त्याहून फारच आखूड असते. खिशात ठेवण्यास ते सोयीचे. परंतु त्या सोयीची किंमत आवाजात मोजावी लागते. वर ओढून लांब करता येणारे एरियल बसविताच जो फरक पडतो, तो पाहून नवशिक्याला संचच बदलल्यासारखे वाटते. आणखी एक गंमत आहे. एरियलला जोडीदार लागतो. हातातील संचात ते काम संचाचे धातूचे अंग आणि धरणाऱ्याचा हात मिळून कसेबसे करतात. एरियलच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला, ४९ सेंटिमीटरांचीच एक साधी तार जोडून खाली शेपटीसारखी लोंबती सोडली, तर तो जोडीदार मिळतो आणि क्षीण आवाज उठाव घेतात. शेपटी दिसते विचित्र. पण तिला खर्च नाही.

एरियल उभे धरावे की आडवे, हे पाठविणाऱ्यावर अवलंबून असते. जमिनीवरची बहुतेक ठाणी आणि वाहने आपली एरियल उभी ठेवतात. म्हणून ऐकणाऱ्यानेही ते उभेच ठेवावे. संच टेबलावर आडवा टाकून आवाज येत नाही अशी तक्रार करणारे काही थोडे नाहीत.

तरीही आवाज दबका राहिला, तर दोष घरातच शोधावा. विजेचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणक आणि मोटारी बारीक रेडिओलहरींचा कलकलाट करीत असतात, आणि त्यात दुरून येणारा क्षीण स्वर बुडून जातो. एकेक यंत्र बंद करून पाहिले, की चोर सापडतो. संचावर स्क्वेल्च नावाची एक कळ असते; आवाज नसताना होणारी खरखर ती मिटवून टाकते. ही कळ जास्त फिरविली, तर खरखरीबरोबर दूरचे आवाजही मिटतात आणि ऐकणारा मात्र समाधानात असतो, की आज कोणी बोलतच नाही! ती अशा जागी ठेवावी, की खरखर नुकतीच थांबलेली असेल.

छपरावर मोठे एरियल उभारावे, असा मोह पुढे होतोच. त्यात चूक नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे एरियलपासून संचापर्यंतची जोडतार जितकी लांब आणि बारीक, तितका आवाज वाटेतच झिरपून जातो. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. हातातील संच लहान एरियलच्या हिशेबाने बांधलेला असतो. मोठे एरियल जोडताच शहरातील जोरदार एफएम केंद्रे त्याच्यात अशी घुसतात, की तो गांगरून जातो आणि नको तेथे गाणी वाजू लागतात. अशा वेळी मोठ्या एरियलहून साधेच बरे ठरते. विजेच्या तारांजवळ एरियल कधीही उभारू नये, आणि वळवाचे ढग गडगडू लागले की जोडतार संचापासून काढून दूर ठेवावी. येथे आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. कायद्याचाही विचार आधी करावा लागतो. संदेश पाठविण्यास सरकारचा परवाना हवाच. स्कॅनर बाळगण्याविषयी आणि ऐकण्याविषयी निरनिराळ्या देशांचे नियम निरनिराळे आहेत.

एरियलच्या विद्येत जपानचे मोठे ऋण आहे. सेंदाई येथील विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली, एका आडव्या दांडीवर ठराविक अंतराने अनेक काड्या बसविलेले एक एरियल जगापुढे मांडले. प्रयोगांचे बरेचसे कष्ट उदा यांचे. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिले ते यागी यांचेच. हे एरियल सगळीकडचे न ऐकता जिकडे रोखावे तिकडचेच ऐकते, आणि म्हणून दुरूनही ऐकते. पुण्याच्या छपरांवरून सिंहगडाकडे तोंड करून बसलेली एरियल याच कुळातली.

गॅरियट यांनी घातलेली साद आजही थांबलेली नाही. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसांचा मुक्काम अखंड आहे आणि तेथे हौशी रेडिओचे संच बसविलेले आहेत. तेथील अंतराळवीर अधूनमधून शाळांतील मुलांशी बोलतात. वरून येणारा आवाज १४५.८ मेगाहर्ट्‌झवर असतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. म्हणून एका ठिकाणाहून ते फार तर दहा मिनिटेच क्षितिजाच्या वर राहते. तेवढ्या वेळातच मुलांनी प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे ऐकावयाची. एरियल चुकले, तर प्रश्न वर जातो पण उत्तर हाती लागत नाही, आणि स्थानक कोणासाठी थांबत नाही.

हे बोलणे ऐकण्यास हातातला साधा स्कॅनरही पुरतो. केवळ माथ्यावरून जाणारी फेरी आणि मोकळी गच्ची निवडावी लागते. स्थानक जवळ येत असताना त्याच्या वेगामुळे कंपनसंख्या थोडी चढलेली असते आणि दूर जाताना ती उतरते, जशी येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते. म्हणून संच आधी १४५.८०३ च्या आसपास, मध्ये १४५.८०० वर आणि शेवटी १४५.७९७ च्या आसपास लावला, तर आवाज स्वच्छ राहतो. येथे एरियल उभेच धरण्याचा हट्टही सोडावा लागतो. स्थानक जसे आकाशात सरकेल तसे ते हळूहळू कलते करीत राहावे, आणि ज्या कोनात स्वर भरदार वाटेल तेथे हात स्थिर ठेवावा.

प्रथम खरखर असते. मग तिच्यातून एखादा शब्द वर येतो, मागोमाग अख्खे वाक्य. आणि मध्यावर तर आवाज इतका जवळचा वाटतो, की जणू बोलणारा शेजारच्या गच्चीवरच उभा आहे. पाच-सहा मिनिटांत तो पुन्हा पातळ होतो आणि क्षितिजापाशी खरखरीत विरून जातो. सुमारे ९३ मिनिटांनी स्थानकाची दुसरी प्रदक्षिणा पुरी होते. तोवर पृथ्वी पूर्वेकडे फिरलेली असते. म्हणून जो आवाज आता पुण्यावरून गेला, तो त्या वेळी अरबस्तानच्या वाळवंटावरून जात असतो, आणि तेथे कोणीतरी आपला संच उंच धरून उभा असतो.