म्हाताऱ्या माणसांचा दुपारचा डबा

ताईंनो, दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने वस्तीवर उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. निघताना घरात ज्वारी, तेल-मीठ भरून ठेवलेलं असतं. पण घरात धान्य असणं वेगळं आणि ते शिजून दोन वेळा पोटात जाणं वेगळं.

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला माझं क्षेत्रकार्य बीड जिल्ह्यातल्याच एका गावात होतं. तिथल्या दोन गटांनी मिळून अकरा वृद्धांना दुपारचा डबा सुरू केला होता. डबे पोचवायचे आणि वही लिहायची, ही माझी कामं.

पहिली अडचण पैशाची आली नाही, डबा नाकारण्याची आली. एक आजी म्हणाल्या, "डबा घेतला तर गाव म्हणेल, पोरं खायला घालत नाहीत. सुनेला बोल कशाला लावून घेऊ?" अध्यक्षताईंनी मार्ग काढला. ज्याला जमेल त्याने आठवड्याला ओंजळभर ज्वारी नाहीतर डाळ द्यायची, नसेल तर भाजी निवडायची, शेंगा फोडायच्या. मग डबा फुकटचा राहिला नाही, वाट्याचा झाला. त्या आजी पुढच्या आठवड्यात लसूण सोलायला येऊन बसल्या! माझ्या मते चूल पेटवायच्या आधी हेच ठरवावं. आणि डबा देतानाचे फोटो ग्रुपवर टाकायची हौस अजिबात नको.

आता डब्यात काय? दात पडले की भाकरी चावत नाही, मग माणूस चहात बुडवलेल्या खारी-बटरवर दिवस काढतो. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही. वयानुसार भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती मिळाली नाहीत तर स्नायू झिजतात, तोल जातो, आणि या वयात पडणं म्हणजे मांडीचं हाड मोडायची भीती. म्हणून मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, ताक, चालत असेल त्यांना उकडलेलं अंडं. बीपी असेल तर लोणचं-पापड नको; चवीला लिंबू, जिरं, लसूण आहेच. किडनीचा त्रास असेल तर डाळ किती द्यायची ते डॉक्टरांना विचारूनच.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे डबे सगळ्यात आधी पोचवा. औषध घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर उतरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, भोवळ, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्या, मग जेवण, आणि दवाखान्यात कळवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

परत आलेला डबाही बघत जा. भाकरी तशीच आली तर दात-हिरड्या दुखतात का विचारा. जेवताना रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एका आजोबांचा डबा चाटूनपुसून यायचा, तरी ते वाळत चालले होते. नातवाला शाळेत दुपारी पोषण आहार मिळायचा. संध्याकाळसाठी आजोबा स्वतःतलं अर्धं झाकून ठेवायचे. ते कळल्यावर त्या घरचा डबा मोठा केला. वजनकाटा जवळ नसला तरी बांगडी कोपराकडे सरकायला लागली, पोलकं सैल झालं, हे आपल्या बायकांच्या नजरेला आधी दिसतं. सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगून थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

डबा एक वेळचा. बाकीसाठी हक्काचं मिळतंय का तेही पाहा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. म्हाताऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. पण तेवढ्यावरून धान्य नाकारता येत नाही. नाकारलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, सोबत गटातली एकजण जा. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये आहेत. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर पैसे अडकतात. आणि मुलं कमावती असून बघतच नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार प्रांत कार्यालयात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर गाड्या निघायच्या आधीच्या मासिक बैठकीत वस्तीवार यादी करा: मागे कोण राहतंय, कोणती औषधं चालू आहेत, काय चावता येतं, शेजारी कोण आहे. मुलाच्या नंबरासोबत मुकादमाचाही नंबर लिहून घ्या. फडात असताना मुलाचा फोन बहुतेक वेळा लागत नाही.