अन्न अंगी लागायचं तर

नातसूनबाई, तू दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिकडं पाणी वाईट असलं तर जिभेला कळते तरी. इथं धारणीत पाणी गोड लागते, म्हणूनच माणूस फसते. 2022 च्या जुलैत शेजारच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी न कोयलारीच्या लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं आणि कॉलऱ्यानं माणसं गेली. म्हणून पहिला पाऊस पडला का दिवाळीपर्यंत पाणी उकळूनच पिजो. बुडबुडे दिसले का लगेच उतरवू नको, जरा खदखदू दे. फडक्यानं गाळलं म्हणजे झालं, असं सासू म्हणेल. तिचं बाकी सगळं ऐकजो, हे नको. माठात गिलास बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवजो.

तरी कोणाला हगवण लागलीच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर न अर्धा चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नको. घोट घेऊन पाहजो. आसवांहून खारट लागलं तर फेकून नवीन कर. लेकरू अंगावर पीत असेल तर ते बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, का सरळ उपजिल्हा रुग्णालयात ने.

आता आपल्या घरची खोड सांगते. ताट उचललं का चहा! मी आरोग्यसेविका होते तेव्हा गावोगाव पाहिलं, बाई तरोट्याची भाजी पोटभर खाते, लोहाच्या गोळ्याही घेते, पण रक्त काही वाढत नाही. गोळी घेते ती चहाच्या घोटासंग. चहा भाजीतलं लोह आतड्यात धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. चहा सोड म्हणत नाही, मीही सोडला नाही. जेवण न चहात तास-दोन तास जाऊ दे, आणि भाजीवर लिंबू पिळ. आवळा असेल तर आणखी बरं. गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी करून घे, आपल्या भागात तो आजार आहे. त्यात रक्त कमी असते ते लोहावाचूनच असं नाही. म्हणून गोळ्या डॉक्टरला विचारून. अशा माणसानं तहान लागायची वाट पाहायची नाही, पाणी पीत राहायचं.

कुटकीचा भात कोरकू शेजारणीकडून शिकून घे. पोरं आता त्याला गरिबाचं खाणं म्हणतात आणि पाच रुपयांच्या चटपटीत पुड्यांनी पोट भरतात. मला ते ऐकवत नाही. कुटकी घेताना फार पांढरीशुभ्र घेऊ नको, कोंडा गेला का सत्त्वही गेलं. कोदो मात्र पारखून. कापणीला पावसात भिजलेल्या कोदोला बुरशी धरते. तो खाल्ला का चक्कर, ओकाऱ्या, गुंगी. लोक म्हणतात कोदो चढला. धुऊन, शिजवूनही त्याचा भरवसा नाही. कुबट वास आला तर ढोरांपुढंही टाकायचा नाही.

दिवस गेले का बाया कानात येऊन सांगतील, कमी खा, नाहीतर बाळ मोठं होईल न अडशील. अडणारं बाळ मी क्वचित पाहिलं. दोन किलोचं, रडायचंही बळ नसलेलं, पुष्कळ पाहिलं. आपल्या मेळघाटातल्या लेकरांची मरणं 1993 पासून पेपरात येतात, समित्याही आल्या न गेल्या. मला विचारशील तर त्यातली निम्मी गोष्ट आईच्या ताटात आहे, कारण ती सगळ्यांत शेवटी जेवते. तू सगळ्यांसंगच बसजो. कोणी बोललं तर आजीसासूनं सांगितलं म्हण. शेजारची गरोदर कोरकू पोरगी अंगणवाडीतलं अमृत आहाराचं जेवण डब्यात घरी आणते आणि पाच जणांत वाटते. तिला म्हणजो, तिथंच बसून खाऊन ये. बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचं दूध. उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको, मध नको, घुटी नको.

राहिला तंबाखू-सुपारीचा खर्रा. आपला पोट्टा चोरून घोटते, मला माहीत आहे, तुलाही असेल. खर्रा भूक मारते. मग दुपारची भाकर तशीच राहते न घरात वाटते, याला जेवण कमी लागते. सुपारीनं गाल आतून आखडते, तोंड उघडेनासं होते, आणि पुढं कॅन्सर. भांडून सुटत नाही, मी याच्या आज्याशी भांडून पाहिलं आहे. आज रात्री त्याला एवढंच म्हण, तोंड उघड आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी आत घालून दाखव. सहज गेली तर पुडी फेकायला अजून वेळ आहे. अडली, किंवा तिखट झोंबू लागलं असेल, तर सकाळी दोघं दवाखान्यात जा, मी घर पाहते.