फरशी फोडण्याआधी

मीनल : काका, तुमचं आयुष्य बांधकामात गेलं, म्हणून विचारते. आमच्या बाथरूमखाली, खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय, पोपडे सुटलेत. प्लंबर म्हणतो, सगळी फरशी उखडू.

काका : त्याला कामाची घाई आहे, तू कशाला करतेस? आधी सांग, काकूंचा दिवा त्या ओलीत येतो का?

मीनल : अगदी लागूनच आहे.

काका : मग तो आजच एमसीबीवरून बंद करायला सांग. आणि ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घाल.

मीनल : रेघेने काय होणार?

काका : ओल पसरतेय की थांबलीय, ते कळेल. बाथरूममधून पाणी झिरपतं ते बहुतेक तीन वाटांनी. भिंतीतली नळाची लाइन, नहाणी ट्रॅप व सांडपाण्याचा पाइप, नाहीतर फरशीचे सांधे. लाइनमध्ये दाब कायम असतो. गच्चीवरची टाकी 10 मीटर वर असली की दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. ती फुटली तर तुम्ही गावाला गेलात तरी खाली ठिबकणारच. बाकीच्या वाटांना कुणी पाणी वापरल्याशिवाय पाणी मिळत नाही.

मीनल : म्हणजे बाथरूमचा कॉक बंद करून बघायचं?

काका : बघ, पण लगेच निकाल मागू नकोस. तुमची इमारत जुनी. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला आणि त्यात विटांचे तुकडे भरून कोबा केलेला. त्या भरावात पाणी मुरलेलं असतं, ते कॉक बंद केल्यावरही काही दिवस ठिबकतं. माणूस म्हणतो, अजून गळतंय, म्हणजे लाइन ठीक आहे! त्यापेक्षा प्लंबरकडून प्रेशर पंप लावून घे. गिझर सोडवायचा, नळांची तोंडं बंद करायची, लाइनमध्ये दाब भरायचा. काटा उतरत गेला की लाइन गळतेय.

मीनल : आणि नाही उतरला तर?

काका : मग फरशी. काही दिवस आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये करा, खालची ओल स्थिर होऊ द्या. नंतर प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घालून नहाणीचं तोंड घट्ट बंद कर. उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी साठव, पातळीची खूण कर आणि चोवीस तास कुणाला आत जाऊ देऊ नकोस. ओल रेघेबाहेर सरकली तर सांधे किंवा वॉटरप्रूफिंग. नाही सरकली, तर बोळा काढून बादल्या ओत. आता सरकली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. या भरावामुळे प्रत्येक चाचणीनंतर दोन-तीन दिवस वाट बघायची.

मीनल : नाणं आपटलं की काही टाइल पोकळ वाजतात. तिथेच गळत असेल ना?

काका : खाली माल नीट भरला नाही, एवढंच त्यातून कळतं. पाणी दाराशी शिरून पार भिंतीच्या कडेला दिसू शकतं.

मीनल : दुरुस्ती काय करायची?

काका : सांधे गेले असतील तर पांढरं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट. ट्रॅपचा जोड असेल तर भोवतीच्या दोन-चार फरश्या निघतील. वॉटरप्रूफिंगच गेलं असेल, तर मात्र प्लंबर म्हणतो तेच करावं लागेल. तेव्हा कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई हवी, लेप भिंतीवर फूटभर चढवलेला हवा, आणि नवी फरशी बसण्याआधी पुन्हा पाणी तुंबवून बघायचं. ही शेवटची पायरी ठेकेदार हमखास गाळतात. ती झाल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नकोस.

मीनल : खर्च सोसायटीकडे मागू?

काका : बाहेरचा सामायिक पाइप गळत असता तर जरूर मागायचा. गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदानेच दुरुस्त करायची. काकूंचं छतही तूच करून दे, पण लगेच नाही. ओल पुरती सुकण्याआधी रंग लावला, तर पोपडे पुन्हा सुटतात.